निर्झर कॉलनीतला अनधिकृत झोपाळा

नाशिक,
रविवार, १७ डिसेंबर २००६

ती. धनराजदादा यांच्या चरणी किशोर शेवाळेचा नमस्कार. (तुम्ही माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी लहान आहात हे मला ठाऊक आहे, पण सरिताचे थोरले भाऊ म्हणून चरणी. याचा वेगळा अर्थ काढू नये.)

इकडे सगळं ठीक आहे असं सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. तुमचा दमा या थंडीत कसा आहे? वहिनींची पाठ? लाल कांदा बराच निघाला असेल. सरिता तुमच्याकडे येऊन आज एकोणीस दिवस झाले. कांदे काढायला मदत हवी म्हणून चालले, असं ती मला सांगून निघाली. दादा, आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, म्हणजे तुमच्याकडे किमान अठ्ठावीस वेळा कांदे निघाले असणार, आणि मदतीला तिला एकदाही बोलावणं आलेलं मला आठवत नाही. मी चार वेळा फोन केला. चारही वेळा वहिनींनी उचलला आणि "ती आते वावरमा शे", म्हणजे शेतात आहे, असं सांगितलं. चौथ्या वेळी मागून कुणीतरी खोकलं. तो खोकला मी आमच्याच घरात अठ्ठावीस वर्षं ऐकतो आहे. असो. म्हणून हे पत्र. पाकिटाला डिंक मी स्वतः लावून वर सही केली आहे. सही तुटलेली दिसली तर कोणत्या बाजूने तुटली ते कळवावं.

आता झालं काय ते सांगतो. तिने तुम्हाला सांगितलंच असेल, पण एका बाजूचं ऐकून मत बनवू नये, म्हणून ही दुसरी बाजू. (दुसरी बाजू पहिलीपेक्षा फार वेगळी नाही हे पुढे कळेल.)

आमच्या निर्झर कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. कागदावर ती उद्यान आहे. अकरा वर्षांपूर्वी तिथे आमच्या नगरसेवकांनी, म्हणजे सगळे ज्यांना आबा म्हणतात त्यांनी, नारळ फोडला आणि कोनशिला बसवली. तेव्हापासून त्या जागेत कोनशिला तेवढी वाढली नाही, बाकी सगळं वाढलं. गाजरगवत कमरेपर्यंत, बाभळी दोन. झोपाळ्याचे मात्र नुसते लोखंडी खांब उरले. झोपाळा कुठे गेला याचा तपास मी १९९८ साली केला होता. त्याचं टिपण माझ्याकडे आहे, पण संशयितांपैकी दोघे आता वारले, म्हणून ते प्रकरण मी बंद ठेवलं आहे.

या वर्षी राखीपौर्णिमेनंतर एके सकाळी फिरायला गेलो तर एका कोपऱ्यातलं गाजरगवत नाहीसं झालेलं. दुसऱ्या आठवड्यात दुसरा कोपरा साफ. मग बाकांना हिरवा रंग. मग कुंपणाच्या कडेने जास्वंद, तगर, कडुनिंबाची रोपं, प्रत्येकाला आळं केलेलं. गणपतीपर्यंत खांबांना नवी साखळी आणि नवा पाट लावून झोपाळा हलायला लागला. कॉलनीतले लोक खूश झाले. मी सातपूरच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तपासणी खात्यात काढली, दादा. माल खराब असला की कारण शोधता येतं. माल अचानक चांगला यायला लागला की मात्र झोप उडते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बोर्ड नाही! आमच्या आबांनी गटाराचं एक झाकण बदललं तरी शेजारी त्यांचा हात जोडलेला फोटो लागतो. मग अख्खं उद्यान सुधारतं आणि एक अक्षर कुठे नाही? मी कुंपणाला आतून बाहेरून फेरी मारली, बाकांखाली वाकून पाहिलं. कुणाचंही सौजन्य सापडलं नाही. ज्याला श्रेय नको त्याला जागाच हवी असणार, असा मी निष्कर्ष काढला. आज गवत काढलं, उद्या पत्र्याची शेड, परवा देऊळ किंवा दुकानांचा गाळा. मी नवी वही उघडली आणि गच्चीवर बसायला लागलो.

पहिल्याच दिवशी माणूस सापडला. भिकन त्याचं नाव. घोटीकडचा, सत्तरीचा, पोरीकडे राहायला आलेला. भाताच्या आवणाला, म्हणजे लावणीला, वाकतात तसा वाकून रोपांना माती लावत होता. मी खाली जाऊन विचारलं, कुणी पाठवलं? तो म्हणाला, "बायांनी." कोणत्या बाया? "हितल्याच. मला म्हनल्या, बाबा, तुमाला मातीतलं कळतं, दाखवा. मंग दाखवलं. घरात बसून लय कटाळा येतो, साहेब."

आता इतकं साधं उत्तर कुणी देतं का? मी वहीत लिहिलं, 'बाया हा सांकेतिक शब्द. बहुधा एखाद्या पक्षाची महिला आघाडी.' एवढ्यात माझी नजर त्याच्या हातातल्या चहाच्या पेल्याकडे गेली. पेल्यावर कोरलेलं होतं, 'सौ. सरिता कि. शेवाळे'. तुम्हीच लग्नात दिलेल्या डझनातला पेला, दादा! मी तसाच घरी आलो आणि सरिताला सांगितलं की आपल्या घरातून भांड्यांची चोरी होते आहे, आणि चोर मला माहीत आहे. ती म्हणाली, "मी दिला तो पेला. रोज देते. आम्हीच करतोय ते उद्यान. तुम्हाला तीनदा सांगितलं."

हे खरं आहे का, असं तुम्ही विचाराल. तिने सांगितलं होतं, असं आता मला आठवतं. एकदा मी पेपर वाचत होतो, एकदा दाढी करत होतो. तिसऱ्यांदा मी नीट ऐकलं होतं, पण ते इतकं सरळ होतं की मला वाटलं, हिला कुणीतरी पुढे केलं आहे. कॉलनीतल्या चौदा बायका दुपारी चहा प्यायला जमतात आणि अर्धा एकर उद्यान उभं करतात, यामागे कुणीतरी डोकं असणार. ते डोकं सरिताचंच असेल ही शक्यता मी वहीत लिहिली नव्हती. (हे वाक्य तिला वाचून दाखवायला हरकत नाही.)

पुढच्या रविवारी झोपाळ्याचा माणूस सापडला. अकबरभाई, आमच्या कॉलनीतल्या सलिमाभाभींचे यजमान. माझ्या जुन्या कारखान्यामागेच त्यांचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. ते स्कूटरवरून ग्रीसचा डबा घेऊन आले आणि साखळीच्या कड्यांना ग्रीस लावायला लागले. मी चष्मा चढवून एकेक जोड पाहिला. कुठे भेग नाही, कुठे पोकळी नाही. कारखान्यात असतो तर शेरा न मारता पास केला असता. मी विचारलं, एवढं चोख काम आणि तेही फुकट, कशासाठी? अकबरभाई म्हणाले, "सलिमा बोली, करना है. मग करावंच लागतं, शेवाळेसाहेब. तुमच्याकडे वेगळं आहे काय?" आणि झोपाळ्यावर त्यांची नात रिदा पाय हलवत बसली होती, ती मला म्हणाली, "धक्का द्या ना."

मी धक्का दिला नाही. मी तपासात होतो.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सदर उद्यानात कोणकोणती कामे झाली व ती कोणी केली. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं की सदर कालावधीत सदर उद्यानात कोणतेही काम झालेले नाही. मी ते जेवताना सरिताला मोठ्याने वाचून दाखवलं. सरकारी कागदानुसार तो झोपाळा अस्तित्वातच नव्हता! म्हणजे तो अनधिकृत. मी त्याच ताटावर हात वाळवत तक्रारीचा मसुदा तोंडी सांगायला लागलो. सरिता म्हणाली, "पाठवू नका." मी कारण विचारलं. ती म्हणाली, "मी सांगते म्हणून. एकदा तरी." आता बघा दादा, बिनकारणाची विनंती ही तपासणी खात्यात सर्वांत संशयास्पद गोष्ट मानतात. मी दुसऱ्या दिवशी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोचपावतीसह.

कधी नव्हे ते दहाव्या दिवशी ट्रक आला. बरोबर एक ओव्हरसियर, दोन माणसं आणि एक मोठं कुलूप. ओव्हरसियर भला माणूस होता. तो म्हणाला, "आमचाही इलाज नाही. तक्रार लेखी आहे, झोपाळा विनापरवाना आहे, उद्या कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची?" त्यांनी साखळी सोडवली. पाट ट्रकमध्ये टाकला. साखळी सुटताना जो आवाज झाला त्याने घराघरातून बायका बाहेर आल्या. रिदा सलिमाभाभींच्या कडेला चिकटून उभी होती. रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

पंचनाम्याला पंच लागतो. ओव्हरसियर म्हणाले, तक्रारदार हजर आहेत, तेच पंच. मी पेन काढलं. मग त्यांनी विचारलं की विनापरवाना काम करणाऱ्या इसमांची नावं माहीत आहेत का. मी सांगणार होतो की तपास चालू आहे. तेवढ्यात सरिता गर्दीतून पुढे आली. हाताला माती होती तिच्या. ती म्हणाली, "लिहा. सरिता किशोर शेवाळे."

तिच्यामागून वत्सलाबाई आल्या. या आमच्या शेजारच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, वय त्र्याहत्तर. त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि ओव्हरसियरने ऱ्हस्वदीर्घाची चूक केली ती दुरुस्त करायला लावली. मग सलिमाभाभी. मग एकेक करून चौदाही जणी. अकबरभाई म्हणाले, माझंही टाका. भिकन शेवटी आला, म्हणाला, "मला लिवता येत नाय, आंगठा चालंल का?" सोळा नावं झाली, आणि ओव्हरसियरने कागद माझ्यापुढे धरला. खाली पंचाची जागा रिकामी होती.

वत्सलाबाई म्हणाल्या, "करा सही, किशोरराव. आम्ही चुकलो असू तर नियमाप्रमाणे होऊ द्या."

मी सही केली, दादा. का केली ते मला अजून सांगता येत नाही. पेन उघडं होतं. सगळे बघत होते. त्या क्षणी सही न करण्याची मला सवय नव्हती. सरिताने सही होईपर्यंत पाहिलं, मग घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली आणि कांद्यांचं सांगितलं.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. (वरणाला फोडणी खालून द्यायची की वरून, हा प्रश्न मी कॉलनीत कुणाला विचारू शकत नव्हतो. कुणी बोलत नव्हतं.) बोलायला आले ते फक्त आबा. हार, पेढे आणि चार माणसं घेऊन घरी आले. म्हणाले, "शेवाळेसाहेब, तुमच्यासारखे जागरूक नागरिक आहेत म्हणून शहर टिकून आहे." अतिक्रमणातून उद्यान मुक्त केल्याबद्दल माझा जाहीर सत्कार करायचा त्यांनी ठरवलं होतं. शाल, श्रीफळ, मानपत्र. मी त्यांना विचारलं की कुलूप कधी निघणार. ते म्हणाले, निवडणूक झाली की लगेच, मीच उघडतो, मोठा कार्यक्रम करू.

तुमच्यापासून लपवत नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पण निरोपाच्या दिवशी मॅनेजर सुट्टीवर होता आणि माझा सत्कार घड्याळ हातात देऊन जिन्यातच उरकला होता. शालीच्या नावाने मला बरं वाटलं. मी सफारी इस्त्रीला दिला.

सत्काराचा दिवस गेला रविवार. मंडप उद्यानाच्या गेटसमोरच घातला होता. तिकडे निघालो तर वाटेत बॅनर. 'अतिक्रमणमुक्त उद्यान! कर्तव्यदक्ष नागरिक किशोरराव शेवाळे यांचा भव्य सत्कार.' एका बाजूला आबांचा फोटो, दुसऱ्या बाजूला त्यांच्या सौभाग्यवतींचा, आणि खाली टिकलीएवढा माझा. मला लगेच संशय आला. आमचा वॉर्ड या वेळी सोडतीत महिलांसाठी निघाला आहे, म्हणजे आबा स्वतः उभे राहू शकत नाहीत. सत्कार माझा नव्हता, त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या सौभाग्यवतींची ओळख होती. एवढे महिने मी गच्चीवर बसून डाव शोधत होतो, तो असा रंगीत छापून माझ्याच नावाने रस्त्यात टांगला होता.

आणि गेटपाशी भिकन होता. कुलूप लावलेल्या गेटच्या गजांतून हात आत घालून तो मगाने पाणी टाकत होता. हात पोचेल तेवढ्या तीन-चार रोपांना. मला पाहून म्हणाला, "बाकीची नाय पोचत. ही तरी जगतील." आणि पुन्हा मग भरायला वाकला.

मी स्टेजवर गेलो. शाल घातली, नारळ हातात आला, आबांनी माइक दिला आणि कानात म्हणाले, दोनच शब्द. मी म्हणालो, ज्यांनी हे अनधिकृत काम केलं त्यांची प्रमुख माझी बायको आहे. मी त्या कामाची पूर्ण तपासणी केली आहे. झोपाळ्याचा एकही जोड कच्चा नव्हता, एकही रोप वाकडं नव्हतं, आणि अकरा वर्षांत या जागेत झालेलं ते एकमेव काम होतं. तक्रार मी केली ती माझी चूक. एवढ्यात माइक बंद पडला. (तो बंद पडला की पाडला याचा तपास करता येईल, वायरमनचं नाव माझ्याकडे आहे.) पण मागच्या गच्चीवरून वत्सलाबाईंनी शाळेतल्या आवाजात ओरडून विचारलं, "ऐकू आलं नाही, शेवटचं वाक्य पुन्हा सांगा!" मग मी विनामाइक पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. तुमची बहीण हजर असती तर दोनदाच पुरलं असतं असं मला वाटतं, पण खात्री नाही.

शाल मी भिकनला देऊ लागलो. त्याने घेतली नाही, म्हणाला उकडतं. डिसेंबरात! याचाही काहीतरी अर्थ असावा.

सोमवारी मी तक्रार मागे घ्यायला गेलो. तिथल्या कारकुनाने कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आता मागे का घेताय? कुणाचा दबाव आहे?" मी म्हणालो, कुणाचा नाही. तो म्हणाला, मग तर जास्तच विचित्र आहे. दादा, समोरच्याने आपल्यावर असा संशय घेतला की कसं वाटतं ते मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. शेवटी त्याच ओव्हरसियरने वाट दाखवली. कॉलनीच्या महिला मंडळाने देखभालीसाठी रीतसर अर्ज करावा, परवानगी मिळेल, झोपाळा गोदामात जपून ठेवला आहे. वत्सलाबाईंनी अर्ज त्याच दिवशी लिहिला. तेरा सह्या झाल्या आहेत. पहिली जागा रिकामी आहे, अध्यक्षांची. तो अर्ज सोबत जोडला आहे. सरिताची सही घेऊन उलट टपाली पाठवावा, एवढंच काम. तिने त्यासाठी येण्याची गरज नाही. कांदे महत्त्वाचे आहेत.

वहिनींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद. चुकलंमाकलं असेल ते पोटात घालावं.

आपला,
किशोर

ता. क. वर 'येण्याची गरज नाही' असं लिहिलं आहे ते खोडलेलं समजावं. काल वत्सलाबाई आणि सलिमाभाभी घरी आल्या होत्या. निवडणुकीत आबांच्या सौभाग्यवतींसमोर सरिताला उभं करायचं बायकांनी ठरवलं आहे. मी म्हणालो, राजकारणात सगळे लबाड असतात. वत्सलाबाई म्हणाल्या, मग तुम्ही घरात आहातच लक्ष ठेवायला. उमेदवारीच्या फॉर्मवर सही टपालाने चालत नाही. सूचक म्हणून माझं नाव मी न विचारता लिहून दिलं आहे.

आणखी ता. क. तिने नाही म्हटलं तरी चालेल. फॉर्मचं निमित्त करून मी हे पत्र लिहितो आहे, असा संशय तुम्हाला येईल. तो बरोबर आहे.

शेवटचं. येत्या गुरुवारी सकाळपासून जुन्या सीबीएस बसस्टँडवर तुमच्या देवळ्याच्या गाड्या लागतात तिथे मी उभा असेन. कोणत्या गाडीने निघणार ते मात्र तिने कळवू नये. कळवलं तर मला वाटेल की त्या गाडीने ती येणारच नाही, आणि मी भलत्याच गाडीपाशी जाऊन उभा राहीन.